शिंप्यांची कंबर का धरते? ३०० वर्षांपूर्वी हे लिहून ठेवणारे डॉक्टर रामाझिनी कोण होते?

लग्नसराई असो की शाळा उघडण्याचे दिवस, मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारसारख्या बाजारपेठेत शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत चालते. मान खाली, पाठ वाकलेली, पाय पायडलवर. कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणायची आणि पुन्हा मशीनवर बसायचे. हे दुखणे वयाचे नाही, कामाचे असू शकते, हे ओळखणारे डॉक्टर होते बर्नार्डिनो रामाझिनी.

कोण होते रामाझिनी?

त्यांचा जन्म १६३३ मध्ये इटलीतील कार्पी गावात झाला. पार्मा येथे १६५९ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. पुढे मोडेना शहरात ते डॉक्टर आणि प्राध्यापक झाले. एकदा त्यांच्या घरचा मैलाखड्डा उपसायला आलेला कामगार फार घाईने काम करताना त्यांना दिसला. विचारपूस केल्यावर कळले, या कामाने डोळे जातात. त्यानंतर ते कारागिरांच्या दुकानांत, कारखान्यांत जाऊन पाहू लागले.

शिंप्यांबद्दल काय लिहिले?

कामगारांच्या आजारांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये आला. त्यात चाळीसहून अधिक व्यवसाय होते. तेव्हा मशीन नव्हते, शिंपी मांडी घालून हाताने शिवत. पाय दुमडून, वाकून बसल्याने पाय बधिर होतात, कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते, पाठीला पोक येते, असे त्यांनी नोंदवले. बैठे काम करणाऱ्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी शरीर हलवावे, असा त्यांचा सल्ला होता. रुग्णाला इतर प्रश्नांसोबत तो काय काम करतो हेही विचारावे, असा आग्रह त्यांनी धरला.

त्याच वर्षी ते पादुआ विद्यापीठात गेले. उतारवयात दृष्टी अधू झाली, तरी १७१३ मध्ये त्यांनी ग्रंथाची वाढीव आवृत्ती काढली. १७१४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांना व्यावसायिक आरोग्यशास्त्राचे जनक मानले जाते.

आज याचा उपयोग काय?

मशीन आले, पण वाकणे गेले नाही. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे हात थांबला की कमाई थांबते. तरीही पाठ टेकता येईल अशी खुर्ची, मान फार वाकणार नाही अशी बैठक, भरपूर उजेड आणि थोड्या-थोड्या वेळाने उठून दोन पावले चालणे, एवढे दुकानातच जमू शकते. पाय बधिर होत असेल किंवा हातातली कातर निसटत असेल, तर गोळीवर न भागवता डॉक्टरांकडे जावे. त्यांनी विचारले नाही, तरी आपण शिलाईकाम करतो आणि दिवसातून किती तास बसतो, हे आधी सांगावे.