कोशकार हॉर्नबी

ऑक्सफर्डच्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशावर ए. एस. हॉर्नबी हे नाव आपण वाचले असेल. १८९८ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे जन्मलेले हे गृहस्थ १९२४ मध्ये इंग्रजी शिकविण्यासाठी जपानला गेले. मोठेपणी परकी भाषा शिकणाऱ्याला शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही. 'वाँट'नंतर 'टू स्विम' येते, 'एन्जॉय'नंतर मात्र 'स्विमिंग'. हे त्याला सांगणार कोण? म्हणून गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी अर्थ, उच्चार आणि क्रियापदाची वाक्यरचना एकत्र देणारा कोश रचला. १९४१ मध्ये युद्ध पेटले आणि जपानने त्यांना स्थानबद्ध केले. तरीही १९४२ मध्ये तो कोश टोकियोतच छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो जगापुढे आणला. मिळकतीचा मोठा वाटा हॉर्नबींनी १९६१ साली न्यास स्थापून परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दिला. १९७८ मध्ये ते निवर्तले.

पालकहो, आता आपले वय झाले असे म्हणू नका. हा कोश मुळी आपल्यासारख्यांसाठीच झाला आहे. मुलांसोबत रोज एक शब्द काढा. अर्थ पाहून थांबू नका, उच्चार आणि वाक्यही पाहा.