कच्ची डाळ, तापलेली पेशी आणि कमला सोहोनी

नांदेडचा मोंढा असो की लातूरचा आडत बाजार, तूर, हरभरा आणि सोयाबीन म्हणजे आपल्या मराठवाड्याचा जीव. पण सोयाबीन कच्चं खाल्लं तर पोटाला सोसत नाही. असं का होतं, याचा शोध घेणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर. (नोबेल मिळालं म्हणून माणूस चुकत नाही असं थोडंच आहे!) तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर असं काम केलं की पुढे रामन यांनीच मुलींना दार उघडलं.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं. १९३९ साली पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा. अन्नातून ऊर्जा काढण्याच्या साखळीतला हा एक दुवा. या साखळीतून तयार होतो एटीपी, म्हणजे पेशीच्या हातातली रोकड.

पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्यं तपासली. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनं पचवतं. कडधान्यांतली काही प्रथिनं त्यालाच घट्ट चिकटून त्याचं काम बंद पाडतात. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी तसं. प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर चालतं. नीट भिजवून शिजवलं की यातल्या बहुतेकांची घडी मोडते आणि अडथळा सुटतो. म्हणून सोयाबीन अर्धकच्चं खाऊ नये.

भांड्यात हे आपल्या सोयीचं. पण मे महिन्याच्या उन्हात कापसाच्या पानातल्या किंवा ताप चढलेल्या माणसाच्या पेशीत घड्या मोडू लागल्या, तर जीवावर बेतू शकतं. तिथे धावून येतात ‘शॅपरोन’, म्हणजे सांभाळणारी प्रथिनं. उष्णता वाढली की पेशी ती जास्त बनवते. त्यांतल्या एचएसपी-७० या प्रथिनाला झाकण असतं. एटीपी येऊन बसला की झाकण उघडतं आणि घडी बिघडलेलं प्रथिन आत शिरतं. एटीपीचा एडीपी झाला की झाकण मिटतं, आणि ते प्रथिन इतरांना चिकटून गोळा होण्यापासून वाचतं. नवा एटीपी आला की पकड सुटते, प्रथिनाला पुन्हा नीट घडी घालायला वाव मिळतो. अशी उघडझाप चालूच असते, आणि तिचा खर्च त्याच रोकडीतून.

कमलाबाईंनी नीरेतल्या पोषकद्रव्यांवरही काम केलं. गरीब मुलांना आणि गर्भवतींना तिचा उपयोग व्हावा ही धडपड. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच इन्स्टिट्यूटच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच गेल्या.