खडूचं वर्तुळ आणि पाच वेळा ‘का?’

तुमच्या ग्रुपमध्ये २९ फेब्रुवारीला जन्मलेलं कुणी आहे का? असेल तर त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. वाढदिवस चार वर्षांतून एकदा, चेष्टा मात्र वर्षभर. ताइची ओहनो हे असेच लीप वर्षातले. जन्म २९ फेब्रुवारी १९१२चा, दालियान या बंदरातला. गाव चीनमधलं, पण तेव्हा जपानच्या ताब्यात.

नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. पण मेकॅनिकल, प्रॉडक्शनवाल्यांनी ओरलच्या आदल्या रात्री ‘कानबान’, ‘जस्ट इन टाइम’ असे शब्द घोकलेत. बीबीएवाल्यांनीही घोकलेत. आणि आयटीत लागलेले तुमचे सीनियर्स बोर्डावर ज्या रंगीत चिठ्ठ्या ‘टु डू’मधून ‘डन’मध्ये सरकवतात ना, त्या बोर्डाचं मूळही या माणसाकडेच जातं. हे शब्द आपल्यापर्यंत गुळगुळीत होऊन पोचलेत. त्यामागचा माणूस अजिबात गुळगुळीत नव्हता. कडक होता, कमी बोलायचा, आणि बरीच वर्षं स्वतःच्याच कारखान्यात नावडता होता.

नागोयाच्या टेक्निकल कॉलेजातून ओहनो १९३२ साली बाहेर पडले. जगभर मंदी होती, नोकऱ्या नव्हत्या. त्यांना काम मिळालं टोयोडा घराण्याच्या कापड गिरणीत. (टोयोडा हे आडनाव, मोटारींचं टोयोटा त्यावरूनच आलं.) या घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा. सुताराचा मुलगा. त्यांनी असा माग तयार केला होता की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ओहनो गिरणीत आले तेव्हा साकिची जाऊन दोन वर्षं झाली होती, पण माग चालू होते. मागच स्वतःची चूक पकडत असल्यामुळे एकेका मुलीला कितीतरी माग सांभाळता यायचे. मशीनवर डोळे लावून बसायची गरज नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४३ मध्ये ओहनोंची बदली मोटारींच्या कारखान्यात झाली. मोटार या विषयातला अनुभव शून्य. आता तुम्ही म्हणाल, हे तर नुकसानच. पण मला वाटतं, त्यांचं सगळं यश याच शून्यात आहे. मोटार कारखान्यात गेल्यावर त्यांना पहिलं काय दिसलं? एका मशीनसमोर एक माणूस उभा. मशीन कापतंय, माणूस बघतोय. कापून झालं की तुकडा काढायचा, दुसरा लावायचा, पुन्हा बघत उभं राहायचं. तिथल्या लोकांना यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. गिरणीतून आलेल्या माणसाला वाटलं.

युद्ध संपलं तेव्हा जपान बेचिराख होता. साकिचींचे चिरंजीव किइचिरो टोयोडा कंपनीचे प्रमुख होते. तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. ओहनोंच्या डोक्यात युद्धाआधी ऐकलेला एक हिशोब घोळत होता: एक अमेरिकन कामगार जेवढं काम करतो तेवढ्याला नऊ जपानी लागतात. यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे मशीन्स आहेत, पैसा आहे, आपलं काय! ओहनोंनी वेगळा विचार केला. अमेरिकन माणूस नऊपट ताकदवान तर नसणार. म्हणजे आपण कुठेतरी काहीतरी वाया घालवतोय. नेमकं काय, एवढंच शोधायचंय. या वाया जाण्याला जपानीत ‘मुदा’ म्हणतात. पुढची तीस वर्षं ओहनो मुदाच्या मागे लागले.

१९४७ मध्ये त्यांनी आपल्या शॉपमधली मशीन्स हलवायला सुरुवात केली. आधी एका माणसाकडे दोन, मग घोड्याच्या नालेसारखी मांडणी करून तीन, चार. ऐकायला सोपं वाटतं. पण लेथवर काम करणारा माणूस म्हणजे लेथचा उस्ताद. ड्रिलिंगवाला वेगळा, मिलिंगवाला वेगळा. वर्षानुवर्षं घासून कमावलेलं कसब, आणि कालचा आलेला हा साहेब सांगतो की लेथही बघ, ड्रिलही बघ, मिलिंगही बघ. विरोध झाला, जोरात झाला. त्या पद्धतीला टोयोटाचं नावही मिळालं नाही. लोक तिला ओहनोची पद्धत म्हणायचे, म्हणजे फसली तर कुणाच्या नावावर टाकायची ते ठरलेलंच. वरून टोयोडा मंडळींनी, विशेषतः किइचिरो यांचे चुलतभाऊ एइजी यांनी पाठीशी घातलं नसतं, तर आज हा लेख तुमच्यासमोर नसता.

मग आलं १९५०. गाड्या बनत होत्या, विकल्या जात नव्हत्या. बँकांनी हात आखडला. माणसं कमी करायची वेळ आली, संप झाला, सुमारे दोन हजार लोकांना जावं लागलं आणि किइचिरोंनी स्वतः राजीनामा दिला. काही आठवड्यांतच कोरियन युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्याला ट्रक हवे झाले आणि कंपनी वाचली. वाचली खरी, पण विकला न जाणारा माल बनवत बसलं की काय होतं, हे ओहनोंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या लेखी मुदाचे बरेच प्रकार होते, पण सगळ्यात वाईट हा: गरजेपेक्षा जास्त बनवणं. कारण बाकीचे सगळे दोष या ढिगाखाली झाकले जातात.

तुमच्या मेसमध्ये दोन प्रकारच्या मावशी असतील. एक मावशी सकाळीच दीडशे पोळ्यांची चळत लावून ठेवतात. पोळ्या उरल्या तर संध्याकाळी फोडणीची पोळी, आणि खालच्या पन्नास कच्च्या निघाल्या तर ते दुपारी दोनला कळतं. दुसऱ्या मावशी ताट रिकामं झालं की तव्यावर पोळी टाकतात. एक करपली तर लगेच आच कमी करतात. ओहनोंना कारखाना दुसऱ्या मावशींसारखा चालवायचा होता. अमेरिकेतल्या सुपरमार्केटबद्दल त्यांनी ऐकलं होतं, १९५६ मध्ये तिथे जाऊन ती पाहिलीही. गिऱ्हाईक हवं तेवढं उचलतं, आणि जेवढं उचललं तेवढंच फळीवर पुन्हा भरलं जातं. कारखान्यात पुढचा टप्पा म्हणजे गिऱ्हाईक, मागचा टप्पा म्हणजे दुकान. पुढच्याने डबा उचलला की त्यावरचं कार्ड मागे जायचं. कार्ड आलं तरच मागच्याने बनवायचं. ते कार्ड म्हणजे कानबान. एवढ्याशा कार्डाला एका शॉपमधून सगळ्या कंपनीत पोचायला १९६२ साल उजाडलं. तुमचा प्रोजेक्ट दोन महिन्यांत जमला नाही म्हणून गाइडच्या केबिनबाहेर तोंड पाडून उभे असाल तेव्हा हा आकडा आठवा.

आणखी एक आकडा. प्रेसचे साचे बदलायला १९४०च्या दशकात दोन ते तीन तास लागायचे. पन्नाशीच्या दशकात ते तासाच्या आत आलं, कधी पंधरा मिनिटांवर. साठच्या दशकाच्या शेवटी तीन मिनिटं. मधे कुठलाही चमत्कार झाला नाही. मशीन थांबायच्या आधी कुठलं काम उरकून ठेवता येईल, कुठला बोल्ट नसला तरी चालेल, असं एकेक करत वीस वर्षं गेली.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं ओहनोंनी एकट्याने केलं नाही, करणं शक्यही नव्हतं. त्यांनी माणसं तयार केली. कशी, ते ऐकण्यासारखं आहे.

नवा इंजिनीअर आला की ते त्याला शॉपमध्ये घेऊन जायचे, खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढायचे आणि त्यात उभं राहून बघायला सांगायचे. काय बघायचं? ते सांगायचे नाहीत. निघून जायचे. तासांनी परत यायचे आणि काय दिसलं ते विचारायचे. उत्तर पटलं नाही तर पुन्हा वर्तुळात. पाय दुखतायत, समोर तेच मशीन, तोच कामगार, आणि मोबाइल तर सोडाच, बसायला स्टूलही नाही! पहिला तास माणूस वैतागतो. मग हळूहळू दिसायला लागतं की हा कामगार प्रत्येक वेळी वाकतोय, पाना शोधायला तीन पावलं चालतोय, डबा भरेपर्यंत थांबतोय. रिपोर्टमध्ये यातलं काहीच नसतं. ऑफिसात बसून केलेल्या रिपोर्टवर ओहनोंचा फारसा विश्वास नव्हता.

दुसरी सवय, पाच वेळा ‘का?’ विचारायची. त्यांनी स्वतः दिलेलं उदाहरण असं: मशीन बंद पडलं. का? लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल नीट मिळत नव्हतं. का? तेलाचा पंप पुरेसं ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? जाळी नव्हती, धातूचा कीस आत गेला. आता सांगा, पहिल्या ‘का’ला थांबलात तर काय कराल? फ्यूज बदलाल. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बदलाल. यात कोणाचं नाव येत नाही हेही बघा. आपल्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. प्रत्येक कामाची ठरलेली पद्धत एका कागदावर लिहून तो कामाच्या जागी लावायचा. लिहायचा तो काम करणाऱ्यांनीच, ऑफिसातल्या साहेबाने नाही. आणि तो कागद महिनोन्महिने तसाच लटकलेला दिसला की ओहनो सुपरवायझरवर भडकायचे. बदल झाला नाही म्हणजे इतके दिवस इथे कुणी विचारच केला नाही, असा त्यांचा हिशोब. मी एकदा एका कारखान्यात गेलो होतो, तिथे ‘कायझेन बोर्ड’वर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि वर धूळ. फोटो मात्र छान फ्रेम केलेले!

उत्तर ते सहसा देत नसत. माहीत असलं तरी नाही. उत्तर दिलं की समोरच्याची डोकं चालवायची संधी गेली, असं त्यांना वाटायचं. आणि त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं करणाऱ्यावरही ते खूश नसायचे. त्याहून बरं काही सुचवलं पाहिजे, अशी अपेक्षा. या मुशीतून फुजिओ चो नावाचा एक तरुण गेला. तोक्यो विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर, १९६० मध्ये टोयोटात लागलेला. इंजिनीअर नव्हेच. पुढे त्याने कंपनीचा अमेरिकेतल्या केंटकीतला कारखाना उभा केला आणि १९९९ मध्ये तो टोयोटाचा अध्यक्ष झाला. आर्ट्‌स-लॉवाल्यांनो, ऐकताय ना?

कामगाराला लाइन थांबवायचा अधिकार देणं हाही साकिचींच्या मागाचाच धडा. चूक दिसली की थांबवा. सुरुवातीला लाइन सारखी थांबायची आणि सुपरवायझर घाबरायचे. काहींनी लाइन थांबूच दिली नाही; त्यांचे दोष तसेच राहिले. ज्यांनी थांबू दिली, त्यांची लाइन काही आठवड्यांनी सुरळीत चालू लागली.

पण हे चित्र फक्त गुलाबी रंगवलं तर तुमची फसवणूक होईल. ओहनोंचं शिकवणं कठोर होतं, आरडाओरडा असायचा, आणि तो सोसणारे सगळेच चो झाले नाहीत. मुदा काढला की रिकामा वेळ निघतो, आणि तो वेळ कामगाराला श्वास घ्यायला मिळतो की आणखी कामाने भरला जातो, हा प्रश्न उरतोच. सातोशी कामाता नावाचा पत्रकार १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून लागला, काही महिने लाइनवर राबला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला कारखाना पार थकवून टाकणारा आहे. माणसाचं कौतुक करताना हे पुस्तक बाजूला ठेवू नये, असं मला वाटतं.

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. जपानी कंपन्यांचे नफे कोसळले, आणि टोयोटा इतरांपेक्षा लवकर सावरली. तेव्हा बाकीचे लोक तिथे नेमकं काय चाललंय ते बघायला यायला लागले. पंचवीस वर्षं नावडती असलेली पद्धत रातोरात टोयोटाची पद्धत झाली! १९७८ मध्ये ओहनोंनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि टोयोटातून निवृत्त होऊन ते पुन्हा घराण्याच्या कापड कंपनीत गेले, यावेळी चेअरमन म्हणून. १९९७ मध्ये टोयोटा भारतात आली ती किर्लोस्करांचा हात धरून, बंगळुरूजवळच्या बिडदीला. पण ते बघायला ओहनो नव्हते.

२८ मे १९९० रोजी ते गेले, टोयोटा सिटीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचं एक जाडजूड पुस्तक बाजारात आलं. जगभरचे मोटार कारखाने पालथे घालून त्यांनी या पद्धतीला ‘लीन’ म्हटलं होतं. तुमच्या सिलॅबसमधल्या चॅप्टरचं नाव तिथून आलंय.