वि. स. पागे : सत्तांतरे आणि रोजगार हमी

एकमेकांचे विरोधक म्हणवणारे पक्ष सत्तेवर आल्यावर अनेकदा सारखीच धोरणे राबवतात, हे तुम्ही पाहिले असेल. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्ट यांच्या काळात १९३५ मध्ये आलेला सामाजिक सुरक्षा कायदा रिपब्लिकन आयझेनहॉवर यांनी मोडला नाही. उलट त्याची व्याप्ती वाढवली. महाराष्ट्रातील असेच एक उदाहरण विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) यांच्या कार्यात आढळते.

पागे हे सांगली जिल्ह्यातील गांधीविचारांचे कार्यकर्ते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी भाग घेतला. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. पद मानाचे होते; परंतु त्यांचे लक्ष पाऊस हुकला की काम हुकणाऱ्या कोरडवाहू भागातील मजुराकडे होते. तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाला. १९७२ मध्ये, दुष्काळाच्या छायेत, वसंतराव नाईक यांच्या काँग्रेस सरकारने ही कल्पना राज्यासाठी स्वीकारली.

योजनेला पैसा हवा होता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. मीरा-भाईंदरसारख्या शहरात नोकरी करून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वेतनपत्रकात ही कपात दिसते. खेड्यातील मजुराच्या कामासाठी शहरातील पगारदाराने वाटा उचलावा, हा त्यामागील विचार होय.

रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्याचे विधेयक संमत झाले तेव्हा परिषदेचे सभापती पागेच होते. मात्र २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला तेव्हा सत्तेवर शरद पवार यांचे, जनता पक्षाचा सहभाग असलेले आघाडी सरकार होते. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती आली, तरी कायदा टिकला. पागे यांच्या पश्चात २००५ मध्ये केंद्राने देशव्यापी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

हे साम्य केवळ योगायोग नव्हे. काम मिळणे हा कायदेशीर हक्क झाला होता, त्यासाठी स्वतंत्र कर होता आणि मजूर हा प्रत्येक पक्षाचा मतदार होता. अशी व्यवस्था मोडण्याची किंमत कोणत्याही सरकारला जड गेली असती. परंतु साम्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. मजुरीस होणारा विलंब आणि खोटी हजेरीपत्रके यांविषयीच्या तक्रारी सरकारे बदलूनही संपल्या नाहीत. धोरणाप्रमाणेच त्यातील उणिवाही वारशाने पुढे जातात.

विचार करा : सर्व पक्षांना मान्य असलेल्या धोरणातील दोष दाखवण्याचे काम मग कोणी करावे? तुमच्या वेतनातून कर जात असेल, तर त्या उत्तरात तुमचे स्थान कोणते?