सुगरणीचे बिऱ्हाड आणि सलीम अली

पावसाळा सुरू झाला की विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, शिंदीच्या आणि माडाच्या झावळ्यांना गवताचे लांबट खोपे लोंबू लागतात. हे खोपे विणणाऱ्या पक्ष्याला मराठीत सुगरण म्हणतात. हिंदी भाषक प्रदेशात तो बया या नावाने ओळखला जातो. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी आहे. इतके नेटके घर बांधणारी बाईच असणार, असा विचार त्या नावामागे असावा. पक्ष्याच्या संसाराची खरी हकीकत मात्र या नावाहून पुष्कळ वेगळी आहे. ती हकीकत सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर बसून टिपली. त्या वेळी त्यांच्यापाशी नोकरी नव्हती आणि विद्यापीठाची पदवीही नव्हती.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले. तीन वर्षांचे झाले तोच आईही गेली. पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. मामांना शिकारीची आवड होती. त्या घरात मुलाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली यात नवल नव्हते.

एके दिवशी त्या बंदुकीने सलीमने एक चिमणी पाडली. नेहमीच्या चिमणीसारखीच ती होती, परंतु तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असा पक्षी खाणे धर्माला चालेल की नाही, हे त्याने मामांना विचारले. मामांना त्या पक्ष्याची जात ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी पाहताक्षणी ओळखला. ती पीतकंठी चिमणी होती. मिलार्ड एवढ्यावर थांबले नाहीत. कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्यांनी मुलाला दाखवले. एका अनोळखी मुलासाठी एवढा वेळ काढणारा अधिकारी भेटणे ही भाग्याचीच गोष्ट म्हणावी लागेल.

सलीमचे शालेय शिक्षण रखडत पार पडले आणि १९१३ साली ते मॅट्रिक झाले. पुढे ब्रह्मदेशात तावॉय येथे कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. तेथे ते गेले. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे मन रमले. मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले, सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यासही केला, पण पदवी काही पदरात पडली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या नोकरीने अधिक शिकण्याची ओढ लागली. १९२८ साली रजा घेऊन त्यांनी बर्लिन गाठले. तेथील प्राणिसंग्रहालयात, म्हणजे प्राण्यांचे जतन केलेले नमुने जेथे ठेवतात त्या संस्थेत, प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. मेलेल्या पक्ष्याचा नमुना तपासणे आवश्यकच आहे, पण जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहणे त्याहून मोलाचे आहे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. १९३० मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती.

शहरातील खर्च परवडेना म्हणून पतिपत्नींनी अलिबागजवळच्या किहीम या गावी मुक्काम हलवला. चौतिसाव्या वर्षी बेकार झालेल्या माणसाने हातपाय गाळले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. किहीमला मात्र माडांच्या वाड्या होत्या, भातखाचरे होती आणि सुगरणींची वसाहत होती. कोकणात मृगाच्या आगेमागे आंब्या-फणसाच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते, आणि पाऊस स्थिरावला की सुगरणींच्या विणीचा हंगाम येतो. सलीम अली रोज तासन्‌तास त्या वसाहतीसमोर बसू लागले आणि दिसेल ते वहीत उतरवू लागले.

त्यांना जे दिसले ते असे. या दिवसांत नराचे डोके आणि छाती पिवळीधमक होते. नर गवताच्या आणि झावळ्यांच्या लांब चिरफाळ्या चोचीने काढून आणतात, त्यांच्या गाठी मारतात आणि विणकाम सुरू करतात. खोपा निम्मा झाला, की माद्या वसाहतीत येऊन दाखल होतात. एकेक मादी खोप्यात शिरून पाहणी करते. घर पसंत पडले तर ती तेथे राहते; नाही पडले तर सरळ निघून जाते. मादीने पसंती दिल्यावरच नर खाली उतरणारी नळी विणून खोपा पुरा करतो. अंडी उबवणे आणि पिलांना चारा भरवणे हे काम मादी एकटीच करते. नर तोवर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. एका हंगामात अशी दोन-तीन बिऱ्हाडे एकच नर मांडतो! अर्धवट राहिलेले खोपे नराने झोके घेण्यासाठी बांधलेले असतात, असा लोकसमज होता. त्यांतील पुष्कळ खोपे म्हणजे कोणाही मादीला पसंत न पडलेली घरे होत.

हा अभ्यास १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अली यांचे नाव अभ्यासकांत झाले. महागडी साधने नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट सलग पाहण्याची चिकाटी तेवढी होती.

नोकरी मात्र तरीही मिळाली नाही. तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनामोबदला करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आणि मध्य भारतातील संस्थाने अशी ही भ्रमंती वर्षानुवर्षे चालली. तंबूतल्या या संसारात तेहमिना बरोबर असत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव सलीम अलींना फार लागला. यापुढे ते बहिणीच्या कुटुंबात राहिले आणि कामात बुडून गेले.

१९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ निघाले. रंगीत चित्रांमुळे सामान्य माणसालाही अंगणातला पक्षी नावाने ओळखता येऊ लागला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा पंडित नेहरूंना पत्र लिहून त्यांनी मदत मिळवली. संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादनात फादर सांतापाव हे त्यांचे सहकारी होते. स्पेनमध्ये जन्मलेले हे धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञ होते. झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या आमरींचा, म्हणजे ऑर्किडांचा, त्यांना ध्यास होता. मुंबई प्रदेशातील आमरींवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ साली निघाला. पक्षी आणि फुले यांचे असे सख्य एकाच संस्थेत नांदत होते.

सुगरणींनी सलीम अलींची पाठ सोडली नाही. फिन्स बया ही सुगरणीची दुर्मीळ जात पुष्कळ वर्षे कोणाला आढळली नव्हती. ती त्यांनी कुमाऊँच्या परिसरात पुन्हा शोधून काढली. भरतपूरचे पाणथळ रान आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला.

मानसन्मान उशिरा आले, पण भरभरून आले : १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व. पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिल्या. १९७६ साली मिळालेल्या पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते बालपणी पाडलेल्या त्या चिमणीचे. वयाची नव्वद वर्षे पूर्ण केल्यावर १९८७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर त्यांच्या नावाने पक्षी अभयारण्य स्थापन झाले. ते जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरांचे आहे. रायबंदरहून फेरीबोटीने नदी ओलांडली, की तिवरांचे ते रान लागते. तेथे बगळे आणि खंड्या पाहायला माणसे दुर्बिणी घेऊन येतात.