पंडिता रमाबाई : एकटीची श्रद्धा, हजारोंचा आसरा

धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तीत काम करताना मात्र हे उत्तर आम्हाला पुरत नाही. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे आयुष्य पुन्हा वाचावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास व रमाबाई पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. त्यांनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतिराव फुले मात्र ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. इंग्लंडमध्येही रमाबाईंनी मान तुकवली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या. पाद्री सांगतील ते निमूट मानायला त्या तयार नव्हत्या. शास्त्रीबुवांची सत्ता झुगारून आलेली बाई बिशपांची सत्ता का मानेल? त्यांची श्रद्धा त्यांच्या विवेकाची होती.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. हे घर मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे मुलींना आपापले जातीचे आचार पाळायची मुभा होती. रमाबाई स्वतः उघड्या दाराने प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली नेल्या. खासगी श्रद्धा आणि सार्वजनिक संस्था यांच्यातली रेषा तिथे पुसट झाली होती. आमच्या मते त्या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही बळ होते.

पण त्यांच्या कामाला खरे वळण दिले ते दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन परतल्या. भूक जात पाहत नाही. केडगावचे ‘मुक्ती’ सगळ्या जातींच्या मुलींचे घर झाले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना मुलीच चालवत. अंध स्त्रियांसाठीही वेगळी सोय होती. शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः.

मुक्तीतले जीवन ख्रिस्ती वळणाचे होते. आश्रयाला आलेल्या मुलीला श्रद्धा निवडायला कितीसा मोकळेपणा होता, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण दुसरा प्रश्नही टाळू नये. रमाबाईंच्या श्रद्धेने शेवटी जमीन नांगरली, विहीर खणली, मुलींच्या हाताला काम दिले. आपण रोज वंदना म्हणतो; आपल्या विहाराचे दार वस्तीतल्या एकट्या बाईला रात्री उघडे असते का?