जाक मोनो

जाक मोनो (जन्म : पॅरिस, ९ फेब्रुवारी १९१०, मृत्यू : कान, ३१ मे १९७६) हे फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. जनुकांचे कार्य पेशी कसे नियंत्रित करते, याचा उलगडा केल्याबद्दल त्यांना १९६५ मध्ये फ्रांस्वा जाकोब व आंद्रे ल्वॉफ यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

मोनो यांचे वडील चित्रकार, तर आई अमेरिकन होती. १९४१ मध्ये सॉर्बोन येथे त्यांनी जिवाणूंच्या वाढीवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली. फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात असताना ते सशस्त्र प्रतिकार चळवळीत उतरले. १९४५ मध्ये ते पाश्चर संस्थेत रुजू झाले. लायसेन्कोच्या मतांपुढे आनुवंशिकीचा बळी देणाऱ्या सोव्हिएत धोरणावर त्यांनी १९४८ मध्ये जाहीर टीका केली. १९६० मध्ये हंगेरीतील शास्त्रज्ञ आग्नेस उलमान व त्यांच्या पतीला तेथून गुप्तपणे बाहेर काढण्याची योजना त्यांनी तडीस नेली. त्यानंतर उलमान पाश्चर संस्थेत संशोधन करू लागल्या.

संशोधन

ग्लुकोज व दुग्धशर्करा एकत्र दिल्यास ई. कोलाय हा जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, काही काळ थांबतो आणि मग दुग्धशर्करेकडे वळतो. या निरीक्षणाचा माग घेत मोनो व जाकोब यांनी १९६१ मध्ये ओपेरॉनची संकल्पना मांडली. नियामक प्रथिन डीएनएवरील ‘ऑपरेटर’ या जागी बसले की पुढील जनुकांचे प्रतिलेखन थांबते, असे तिचे सार होते. ऑपरेटर हीच कार्यारंभाची जागा असावी, असा प्रारंभी समज होता. १९६४ मध्ये जाकोब, उलमान व मोनो यांनी तो दुरुस्त केला. आरंभासाठी निराळा भाग लागतो हे दाखवून त्याला ‘प्रमोटर’ म्हणजे प्रवर्तक हे नाव दिले.

महत्त्व

आरएनए पॉलिमरेज हे विकर प्रवर्तकाला चिकटून प्रतिलेखन सुरू करते. आरंभबिंदूच्या सुमारे १० व ३५ अक्षरे मागे असलेल्या दोन लहान क्रमांवर प्रवर्तकाचे बळ मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यांतील एखादे अक्षर बदलले तरी ते कमी-अधिक होऊ शकते. दुग्धशर्करेच्या व ट्रिप्टोफॅनच्या प्रवर्तकांचे भाग जोडून १९८३ मध्ये ‘टॅक’ हा प्रबळ प्रवर्तक तयार करण्यात आला. जिवाणूंकडून हवे ते प्रथिन हव्या त्या प्रमाणात मिळवण्यासाठी असे प्रवर्तक वापरले जातात.

अखेरचा काळ

१९७० मध्ये योगायोग व अपरिहार्यता यांविषयीचा त्यांचा तत्त्वचिंतनपर ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७१ पासून मृत्यूपर्यंत ते पाश्चर संस्थेचे संचालक होते.